प्री-फ्लाइट करताना डोळे बघतात पण डोकं भलतीकडेच असतं, काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की पायलट ट्रेनिंगचे ७० तास झाले, रोज तेच छोटं सेसना १७२ विमान, रोज तोच वॉकअराउंड, म्हणजे उडायच्या आधी विमानाभोवती फिरून करायची प्री-फ्लाइट तपासणी, आणि परवा टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, एकदम डोक्यात आलं, अरे ऑइल बघितलं का? आठवेचना. परत फिरलास, काउलिंगची, म्हणजे इंजिनवरच्या आवरणाची, झडप उघडून बघितलंस तर साडेसहा क्वार्ट, सगळं ठीक. पण तेव्हापासून स्वतःवरचा विश्वासच गेला, आता लक्ष टिकवायचं कसं.

परत फिरलास ते उत्तम केलंस. "बघितलंच असेल" म्हणून पुढे जाणारे मी भरपूर बघितलेत, त्यात मीही आलेच. मी बावीस-तेवीस वर्षं विमान उडवायला शिकवतेय, सगळी महाराष्ट्रातल्याच फ्लाइंग स्कूल्समध्ये, आणि "लक्ष दे" हे वाक्य मी केव्हाच सोडून दिलंय कारण त्याचा शून्य उपयोग होतो. आजी रामरक्षा म्हणताना तोंड अखंड चालू आणि डोकं मात्र भाजी काय करायची त्यात, तसंच आहे हे. जे तोंडपाठ झालं ते करायला डोक्याची गरजच उरत नाही, आणि गरज नसली की डोकं तिथे थांबत नाही, ते निघून जातं. त्यात तुझा आळस वगैरे काही नाही, सगळ्यांचंच तसं होतं. गावाला निघताना एसटीत बसल्यावर "अगं कुलूप लावलं का" हे प्रत्येक घरात होतं ना, आणि कुलूप दहापैकी दहा वेळा लावलेलंच असतं. तुझं ऑइलही बघितलेलंच होतं बहुतेक. फक्त त्याची आठवण तयार झाली नाही, कारण तू "ऑइल ओके" म्हणून पुढे गेलास, आणि ओके रोजच असतं, मग आजचं ओके आणि कालचं ओके यात फरक काय राहणार?

म्हणून माझ्याकडे पहिला नियम असा की वॉकअराउंडमध्ये ओके हा शब्द बंद. जिथे आकडा आहे तिथे आकडा मोठ्याने म्हणायचा. ऑइल साडेसहा. पेट्रोलची डावी टाकी डिपस्टिकने (मोजपट्टीने) एवढी, उजवी एवढी. नोज स्ट्रट, म्हणजे पुढच्या चाकाचा दांडा, इतकी बोटं. आकडा नाही तिथे दिसतं ते म्हणायचं, म्हणजे "टायर ठीक" नाही, "टायरला बाहेरच्या बाजूला झीज, दोरा दिसत नाही" असं. आजूबाजूचे हसतात, हसू देत. रेल्वेत लोको पायलट आणि असिस्टंट दोघं सिग्नल दिसला की हात करून मोठ्याने पुकारतात ते बघितलं असशील, ते काय वेडे आहेत का. जपानी रेल्वेत हे बोट दाखवून बोलणं फार जुनं आहे, तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये मोजलं तर साध्या कामात १०० कृतींमागे २.३८ चुका होत होत्या त्या बोट आणि तोंड दोन्ही वापरल्यावर ०.३८ वर आल्या. तोंडाने आकडा म्हणायचा तर आधी तो वाचावा लागतो, आणि वाचायचा तर डोकं परत येतं, एवढाच त्यातला मामला. शिवाय टॅक्सी करताना शंका आली तर "साडेसहा" हा आकडा आठवतो. आठवला नाही तर बघितलंच नाही असं धरायचं आणि परत फिरायचं, वाद नाही.

आता खरा मुद्दा. लोकांना वाटतं प्री-फ्लाइट म्हणजे विमान ठीक आहे याची खात्री करणं. इथेच गंमत होते. ठीक आहे हे बघायला गेलास तर ठीकच दिसणार, कारण बहुतेक दिवशी ते ठीकच असतं आणि डोळ्यांना ते पाठ झालेलं असतं. हार्वर्डमधला जेरेमी वुल्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेचरमध्ये एक प्रयोग छापला होता, सामानाच्या एक्स-रेसारख्या गिचमिड चित्रांत लोकांना विशिष्ट वस्तू शोधायला लावल्या. निम्म्या चित्रांत वस्तू होती तेव्हा सुमारे ७ टक्के निसटल्या. तीच वस्तू १०० पैकी एकाच चित्रात ठेवली तर ३० टक्के निसटल्या. माणसं तीच, डोळे तेच, वस्तू पण तीच. फक्त ती क्वचित सापडते हे कळल्यावर डोकं लवकर "नाहीये" म्हणून मोकळं होतं. आता तुझ्या १७२ चा विचार कर, सकाळी टेक्निशियनने डीआय म्हणजे रोजची तपासणी केलेली, टेक लॉगवर म्हणजे विमानाच्या नोंदवहीवर सही, तुझ्याआधी दुसऱ्या कुणाची सोर्टी म्हणजे उड्डाण झालेलं, महिनोन्महिने काहीही सापडत नाही. १०० पैकी एक तरी कुठे?

एअरपोर्टवरच्या बॅगा तपासणाऱ्यांसाठी यावर उपाय आहे, मशीन मधूनमधून खोट्या पिस्तुलाचं चित्र खऱ्या बॅगेत घुसवतं, ओळखलं का ते नोंदवतं. म्हणजे शोधणाऱ्याला सतत काहीतरी सापडत राहतं. मी तेच गरिबीत करते. कपड्याचा चिमटा, त्याला लाल रिबीन, स्टुडंट यायच्या आधी विमानावर कुठेतरी लावून ठेवते. एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) बिजागरीजवळ, उजव्या चाकाच्या फेअरिंगच्या म्हणजे आवरणाच्या आतल्या बाजूला, शेपटीखाली. कधी एक, कधी दोन, कधी एकही नाही, आणि ते सांगत नाही. किती लावले हे मात्र माझ्या वहीत आधी लिहिलेलं असतं, आणि तेवढे हातात आल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, हे फार महत्त्वाचं, नाहीतर मीच अपघात पेरून ठेवायची. आणि इंजिनमध्ये किंवा कुठल्या भोकात काही घालायचं नाही, फक्त बाहेर. एकदा एका पोराने तब्बल अकरा मिनिटं घेतली, गोल गोल फिरतोय, खाली वाकतोय, मला वाटलं आता रडतो. त्या दिवशी मी चिमटा लावलाच नव्हता. पण शोधता शोधता नोजव्हीलवरच्या शिमी डॅम्परच्या (चाकाची थरथर थांबवणारा भाग) बोल्टची स्प्लिट पिन नाहीये हे त्याने दाखवलं, आणि ती नाहीये हे आदल्या दिवशी मला स्वतःला दिसलं नव्हतं. किंवा आदल्या दिवशी पिन असेलही, देव जाणे, मी ओके म्हणाले होते ना.

तू एकटा असशील तर मित्राला सांग चिमटा लावायला, नियम तेच. तोही नसेल तर स्वतःला अट घाल की आज कालपेक्षा बदललेल्या तीन गोष्टी सापडल्याशिवाय आत बसायचं नाही. सापडतात रे. ऑइलचा नवा ओघळ, टायरवर नवा सपाट डाग, प्रॉपला म्हणजे पंख्याला खड्याने पडलेला बारीक खाचा, ब्रेकच्या पाइपवर ओल. खिशातल्या वहीत तारखेसकट लिही. महिन्याभरात तुला त्या विमानाची चाल कळायला लागेल, तासाला किती ऑइल पितं, कुठला स्ट्रट हळूहळू बसत चाललाय, आणि मग बघण्यात रस येतो, तो आणावा लागत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण ही सगळी अक्कल त्यानंतरची आहे. तेव्हा नवीन इन्स्ट्रक्टर होते, अंगात रग. जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून यायचा होता. उजव्या पंखावर चढून मी डिपस्टिक घातली, माप घेतलं, टोपण नुसतं ठेवलं आणि फिरवायच्या आत खालून ऑफिसमधला मुलगा ओरडला, मॅडम टेक लॉगवर सही राहिली. उतरले, सही केली, परत आले आणि पुढच्या आयटमला लागले. खालून बघितलं तर टोपण जागेवर दिसतंय ना, डोक्याने "झालं" म्हणून टाकलं. टेकऑफ झाला, डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जाताना, स्टुडंट म्हणतो, मॅम उजव्या पंखाची मागची कड ओली दिसतेय. मी म्हटलं पाऊस असेल. कुठला पाऊस, आभाळ कोरडं ठणठणीत. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, त्याच्यामुळेच तर विमान उडतं, आणि तोच कमी दाब उघड्या टाकीतून पेट्रोल शोषून बाहेर काढतो. हाय विंग, म्हणजे पंख छताच्या पातळीला असलेल्या विमानात पंखाचा वरचा भाग कॉकपिटमधून दिसत नाही, दिसते ती फक्त मागून उडणारी धार. सर्किट होतं, म्हणजे धावपट्टीभोवतीचीच फेरी, म्हणून तीन-चार मिनिटांत उतरलो. टोपण साखळीला लटकत होतं आणि आपटून आपटून पत्र्याला पोचे पाडले होते. क्रॉसकंट्रीला, म्हणजे लांबच्या उड्डाणाला, निघाले असते तर?

त्यात चूक कोणाची, तर माझी, पण नेमकी कुठली ते बघ. लक्ष नव्हतं असं नाही, लक्ष मधेच तुटलं आणि मी ते चुकीच्या जागी जोडलं. लहानपणी पाढे म्हणताना कुणी मधेच टोकलं तर तेरा सक किती ते आठवायचं नाही, परत तेरा एके तेरापासून सुरुवात करावी लागायची, आठवतं? पाठ केलेल्या गोष्टीला मधून आत शिरता येत नाही. म्हणून कोणीही, सीएफआय म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टर असो की चहावाला, मधे बोललं तर मी जिथे आहे तो भाग पहिल्यापासून करते. पंख चालू असेल तर पूर्ण पंख. काही जण तीन आयटम मागे जा म्हणतात, पण तुटलं कुठे हेच नीट आठवत नसतं तर तीन मोजणार कुठून. विमान सोडून लांब गेलास तर सगळंच परत. फोन बॅगेत, सायलेंटवर नाही, बंद. आणि ज्या हाताने काही उघडलं, टोपण, झडप, काहीही, तो हात ते बंद झाल्याशिवाय तिथून काढायचा नाही. विमान पेटलं तरच सोड.

दुसऱ्याने बघितलंय हा भरवसा हा दुसरा मोठा शत्रू. १८ जुलै २०१८ ला ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं एअरबस ए३३० निघालं ते तिन्ही पिटो ट्यूबवर (समोरून हवा घेऊन वेग मोजणाऱ्या नळ्या) कव्हर तसंच ठेवून. कव्हर लावायचं कारण तिथल्या गांधीलमाश्या, पिटोच्या भोकात मातीचं घर करतात, आपल्याकडे मीटरबॉक्सच्या कोपऱ्यात घर करणारी कुंभारीण असते ना, तिचीच भावंडं. ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत निघालं की पायलटच्या आणि ग्राउंडच्या तपासण्यांतला काही भाग झालाच नव्हता, आणि प्रत्येक टप्प्यावर कव्हर निसटलं. लावणारे होते, काढायला हवं होतं ते होते, विमान सोडणारे होते, पायलट होते. बारभाईंचा कारभार. रात्रीची वेळ, टेकऑफच्या धावेत स्पीडच गायब, वर गेले, नशिबाने आणि चांगल्या उडवण्याने सुखरूप उतरले. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं बर्जनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली, ते काही दिवस पिटो कव्हरशिवाय उभं होतं आणि संशय अशाच माशीच्या घरट्यावर. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या ७५७ च्या स्टॅटिक पोर्टवर (उंची आणि वेग मोजायला बाहेरच्या हवेचा दाब घेणारी भोकं) धुताना लावलेली चिकटपट्टी राहिली होती, पट्टी विमानाच्या पत्र्यासारखीच चंदेरी, अंधार, कुणाला दिसली नाही, ७० च्या ७० गेले.

यातून मी काय घेतलं, तर लाल रिबीन शोधायची नाही. कव्हर नाहीये हे बघणं वेगळं आणि भोक उघडं आहे हे बघणं वेगळं. आपल्या १७२ ला स्टॅटिक पोर्ट म्हणजे इंजिनच्या मागे डाव्या अंगाला ते टाचणीच्या डोक्याएवढं भोक, ते भोक मला दिसलं पाहिजे, त्यात काळोख दिसला पाहिजे. पिटोच्या तोंडात समोरून बघ, फुंकू मात्र नकोस, आतली यंत्रं बिघडतात. फ्युएल व्हेंट, म्हणजे पेट्रोलच्या टाकीत हवा जायची नळी, पंखाला आधार देणाऱ्या डाव्या स्ट्रटच्या मागे, तिथेही तसंच. काउलिंगच्या दोन्ही तोंडातून टॉर्च मारून आत बघ, साळुंक्या सकाळ ते दुपार एवढ्या वेळात काड्यांचा भारा आणून ठेवतात, आणि नुसतं वरून बघितलं तर काही दिसत नाही.

आता पाण्याबद्दल, पावसाळा येतोय म्हणून जास्त बोलते. नव्या १७२ ला, म्हणजे आर आणि एस, पाच-पाच पंखाला आणि तीन पोटाखाली असे १३ ड्रेन, म्हणजे तपासायला थोडं पेट्रोल काढायचे छोटे व्हॉल्व्ह, असतात. पाचव्यानंतर पोरं नुसतं सॅम्पलर (नमुना घ्यायचा पारदर्शक पेला) टेकवतात आणि ओततात. बघतात ते काय, तर तळाशी थेंब आहे का. पाणी पेट्रोलपेक्षा जड, तळाला बसतं, बरोबर. पण अख्खा सॅम्पलरच पाण्याने भरला असेल तर? मग थेंबही नाही, रेघही नाही, स्वच्छ पारदर्शक, अगदी सुंदर सॅम्पल. मी वर्गात एकदा नळाचं पाणी भरून सगळ्यांकडे फिरवलं, सहापैकी चौघांनी ओके म्हणून पुढे दिलं. म्हणून प्रश्न "पाणी आहे का" असा नाही, "हे पेट्रोल आहे का" असा. १०० एलएल, म्हणजे आपलं विमानाचं पेट्रोल, निळं असतं, फिकं निळं, ते आभाळासमोर धरून कळत नाही कारण आभाळच निळं, पांढरा कागद मागे धर, आणि वास घे. शंका असेल तर पंख हलव, थोडं थांब, परत काढ. पावसात रात्रभर उभ्या विमानाच्या टोपणाचं रबर चिरलेलं असेल तर किती पाणी निघतं ते एकदा बघितलंस की मग तेरावा ड्रेनही पहिल्यासारखा बघशील. मी तेरा आकडे मोठ्याने मोजते, अजूनही.

कंट्रोल्सबद्दल एवढंच की हलवणं म्हणजे तपासणं नाही, बघायचं. योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंग धरून अंगठे वर, डावीकडे फिरव, अंगठे ज्या बाजूला झुकले त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. विशेषतः विमान मेंटेनन्समधून आलं असेल तेव्हा, कारण केबल उलट्या लागून विमानं उडाली आहेत, २०१८ मध्ये पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचं एम्ब्राएर असंच एलेरॉन उलटे घेऊन वर गेलं, कशीबशी उतरवली त्यांनी. मेंटेनन्सनंतरचा दिवस सगळे सर्वात निर्धास्त असतात, तो दिवस मी सर्वात जास्त घाबरते. आणि अनुभवाने हे आपोआप सुधारतं असं समजू नकोस. ३१ मे २०१४ ला अमेरिकेत बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जी-फोर जेट गस्ट लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल्स वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावलेली खीळ) न काढता टेकऑफला निघालं, सात जण गेले, दोन्ही पायलट मुरलेले. रेकॉर्डरमध्ये आधीचे १७५ टेकऑफ निघाले, पूर्ण कंट्रोल चेक झाला होता फक्त दोन वेळा. १७३ वेळा काही झालं नाही ना, मग कशाला. आणि चेकलिस्टचा जन्म कशातून झाला माहितीये का, ३० ऑक्टोबर १९३५ ला राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ पडलं त्यातून, कारण हेच, गस्ट लॉक काढायचा राहिला. ७९ वर्षांनी तोच लॉक.

क्रम बदलू का असं पण विचारलंयस, कंटाळा जावा म्हणून. नको. क्रम हा तुझा मित्र आहे, केबिन, शेपटी, उजवा पंख, नाक, डावा पंख, मॅन्युअलमध्ये आहे तसाच ठेव, क्रम बदलला की काहीतरी राहतंच. बदलायचं ते अंतर. सुरू करायच्या आधी पंधरा पावलं लांब उभा राहून विमान नुसतं बघ, एका बाजूला झुकलंय का, खाली काही सांडलंय का. संपल्यावर परत तेवढंच लांब जाऊन बघ, तेव्हा टो-बार (विमान ओढायचा दांडा), चॉक (चाकाची अडण), टाय-डाउनचा म्हणजे विमान बांधायचा दोर असल्या मोठ्या मोठ्या गोष्टी दिसतात, ज्या जवळून कधीच दिसत नाहीत. हसू नकोस, टो-बार लावून इंजिन सुरू करणारे असतात. चेकलिस्ट हातात धरून चालू नकोस, मग कागद बघितला जातो, विमान नाही. एक कोपरा पाठ केल्याप्रमाणे कर, थांब, कागद वाच, राहिलं असेल ते कर, मग पुढचा कोपरा.

हो, एक राहिलं. विदर्भात मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो, त्यामुळे लोक हात न लावता वॉकअराउंड करतात, म्हणजे फेरफटका मारतात. जुना रुमाल ठेव खिशात. हात लावल्याशिवाय टोपण घट्ट आहे की नुसतं ठेवलंय हे कुणालाच कळत नाही, मला कळलं नव्हतं.

शेवटी तू लिहिलंयस की इन्स्ट्रक्टर आधीच आत बसून घड्याळ दाखवतात, मग हात आपोआप भरभर चालतो. यावर वाद घालू नकोस, कारण देऊ नकोस, सॉरी तर मुळीच नाही. काय राहिलंय ते आणि किती वेळ लागेल ते सांग, "सर, उजवा पंख आणि तीन ड्रेन राहिलेत, चार मिनिटं", आणि उत्तराची वाट न बघता कामाला लाग. बहुतेक जण गप्प बसतात. एखादा उतरून तुझ्यासोबत ड्रेन करायला येईल, तर त्याला करू दे, पण त्याने केलेले तीन तू परत कर.